नवरीच्या चेहऱ्याला हात लावण्याआधीचे शिक्षण

दहावी-बारावीचे निकाल लागले की परभणी, हिंगोली, अंबड, घनसावंगीकडून मला फोन येऊ लागतात आणि त्यांतल्या बहुतेकांत पहिला प्रश्न एकच असतो, "ताई, मेकअप आर्टिस्टचं लायसन्स कुठं मिळतं?" कधी मुलगी स्वतः विचारते, कधी तिची आई, कधी मोठा भाऊ. जालन्यात नवरीच्या मेकअपचे काम करताना आणि हाताखाली मुली तयार करताना या प्रश्नामागची काळजी मला चांगली कळलेली आहे. घरातून पैसे द्यायचे आहेत, ते बुडू नयेत आणि मुलीच्या हाती सरकारमान्य असे काहीतरी पडावे, एवढीच त्या माणसांची अपेक्षा असते. म्हणून या विषयावर एकदा सविस्तर लिहायचे ठरवले.

सरळ उत्तर असे की भारतात मेकअप करण्यासाठी व्यक्तीला द्यायचा कोणताही सरकारी परवाना अस्तित्वात नाही. डॉक्टरला, वकिलाला किंवा औषध दुकानदाराला जशी नोंदणी सक्तीची आहे, तशी ती मेकअप आर्टिस्टला नाही. अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तिथे राज्यांची स्वतंत्र मंडळे असतात, बहुतेक राज्यांत ठरलेल्या तासांचे शिक्षण पूर्ण करून परीक्षा द्यावी लागते आणि मगच पैसे घेऊन दुसऱ्याच्या त्वचेवर काम करता येते. कॅलिफोर्नियात त्वचेची निगा राखणाऱ्या व्यावसायिकाला ६०० तासांचे प्रशिक्षण लागते. इंटरनेटवर मेकअपच्या करिअरविषयी जी माहिती सापडते, तिच्यातली बरीचशी तिकडची असते आणि आपल्याकडच्या काही क्लासचालकांनी तिथला 'लायसन्स' हा शब्द तेवढा उचलला आहे. मला एका मुलीने तिच्या क्लासने दिलेला कागद दाखवला होता. त्यावर सोनेरी शिक्का होता, 'आंतरराष्ट्रीय परवाना' असे ठळक अक्षरांत छापले होते आणि त्या कागदासाठी फीशिवाय वेगळे पैसे घेतले होते. कोणत्या देशाच्या कोणत्या मंडळाने तो परवाना दिला, याचा मात्र त्यावर कुठेच उल्लेख नव्हता. अशा कागदाला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही, हे त्या मुलीच्या वडिलांना सांगताना मला फार वाईट वाटले, कारण त्या वर्षीच्या सोयाबीनच्या पैशातून त्यांनी ती फी भरली होती.

परवाना नाही म्हणून शिक्षणाची गरज नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. उलट कायद्याचा अडसर नसल्यामुळे कोणीही सात दिवसांचा क्लास करून पाटी लावू शकते, आणि म्हणूनच आपण काय शिकलो व कोणाकडून शिकलो याची जबाबदारी शिकणाऱ्यावरच येऊन पडते.

आता कागदांचे पाहू. आपल्या भागातल्या मुलीसाठी सर्वांत भरवशाचा आणि सर्वांत कमी खर्चाचा मार्ग म्हणजे आयटीआयमधला कॉस्मेटॉलॉजी हा ट्रेड. दहावी उत्तीर्ण मुलीला प्रवेश मिळतो, अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते, जे देशात कुठेही चालते. त्यात नुसता मेकअप नसतो; थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, मॅनिक्युअर, केसांची निगा, मेंदी आणि त्यासोबत त्वचेची रचना, स्वच्छता, सुरक्षितता हेही शिकवले जाते. पुष्कळ मुलींना हे नको असते. त्यांना थेट नवरीचा मेकअप शिकायचा असतो आणि वॅक्सिंग कमीपणाचे वाटते. माझे मत असे आहे की वर्षभर रोज वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या त्वचेच्या चेहऱ्यांना हात लागणे, हेच या शिक्षणाचे खरे मोल आहे. पुढे शिकवण्याकडे वळायचे असेल, तर आयटीआयमध्ये निदेशक होण्याचा रस्ताही याच प्रमाणपत्रातून आणि त्यानंतरच्या निदेशक प्रशिक्षणातून जातो. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ नुसार विद्यावेतनासह उमेदवारी करण्याची सोयही आहे, फक्त त्यासाठी मोठ्या शहरातल्या सलूनपर्यंत जाण्याची तयारी हवी.

ज्यांचे शिक्षण दहावीआधीच सुटले, त्यांच्यासाठी जन शिक्षण संस्थान आहे. पूर्वी 'श्रमिक विद्यापीठ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्था आता केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाकडे आहेत आणि कमी शिकलेल्या, शाळा सुटलेल्या स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवूनच त्यांचे अभ्यासक्रम बेतलेले असतात. खेड्यातल्या मुलींनी आणि सुनांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे, ते म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. या संस्था बँका चालवतात, प्रशिक्षण मोफत असते, राहण्या-जेवणाची सोय असते आणि ब्युटी पार्लरचा अभ्यासक्रमही बऱ्याच ठिकाणी होतो. त्यात हात पूर्ण बसत नाही, तेवढा वेळच नसतो. पण हिशेब कसा ठेवायचा, बँकेत कर्जाचा प्रस्ताव कसा मांडायचा, हे तिथे जितके नीट शिकवतात तितके कोणत्याही महागड्या अकादमीत शिकवत नाहीत. मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि आरसा, दिवे, खुर्ची व पहिली मेकअप किट यांसाठी तेवढे पुरते.

ज्या स्त्रिया कोणतेही प्रमाणपत्र न घेता वर्षानुवर्षे पार्लर चालवत आहेत, त्यांच्यासाठी पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची पद्धत आहे. कौशल्य विकास योजनेत अशा व्यक्तीची परीक्षा घेऊन, तिला जे येते त्याचे प्रमाणपत्र दिले जाते. सौंदर्य व्यवसायासाठी ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल ही परिषद आहे; नवरीच्या, फॅशनच्या आणि फोटोच्या मेकअपसाठी काय काय आले पाहिजे, याचे मापदंड तिने ठरवून दिले आहेत. क्लास कोणताही असो, तो या मापदंडांप्रमाणे शिकवतो का आणि परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो का, एवढे विचारले तरी बरेच कळते. शिकवणाऱ्यानेच परीक्षा घेतली आणि त्यानेच प्रमाणपत्र दिले, तर ते केवळ हजेरीचे प्रमाणपत्र समजावे. परदेशी मान्यतेत सिडेस्को हे नाव जुने आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्यालय झुरिकला आहे आणि तिची पदविका क्रूझ जहाजांवर किंवा मोठ्या हॉटेलांच्या स्पामध्ये नोकरी शोधणाऱ्यांच्या खरोखर उपयोगी पडते. जालना, बीड किंवा धाराशिवमध्ये लग्नाची कामे करणाऱ्या मुलीने तेवढा खर्च करण्याची गरज मला दिसत नाही.

व्यवसाय सुरू करताना लागणारी नोंदणी ही वेगळी बाब आहे आणि ती अवघडही नाही. स्वतःचे दुकान किंवा पार्लर उघडले आणि कामगार मोजकेच असले, तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. लोक तिलाच अजून 'गुमास्ता' म्हणतात. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नाहीत, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यात फसलेल्या अनेकजणी मला माहीत आहेत. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. शहरात पार्लर असेल तर नगरपालिकेत किंवा महानगरपालिकेत एकदा चौकशी करून घ्यावी. खरा परवाना लागतो तो वेगळ्याच ठिकाणी. अनेकजणी घरी लिपबाम, क्रीम, काजळ तयार करून व्हॉट्सॲपवर विकतात. सौंदर्यप्रसाधने तयार करून विकण्यासाठी मात्र अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना सक्तीचा आहे. इंजेक्शनने देण्याचे बोटॉक्स आणि फिलर हे तर डॉक्टरांचेच काम आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते शिकवण्याचा दावा करणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

चित्रपटात काम करायचे असेल तर आणखी एका कागदाचा विषय निघतो आणि त्याचा इतिहास प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवा. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वेशभूषाकार, रंगभूषाकार आणि केशभूषाकारांच्या संघटनेचे सदस्यत्व कार्ड असल्याशिवाय काम मिळत नसे आणि कित्येक दशके त्या संघटनेचा नियम असा होता की स्त्रियांना केशभूषाकार म्हणून कार्ड मिळेल, मेकअप आर्टिस्ट म्हणून मिळणार नाही. चेहरा स्त्रीचा, रंग स्त्रीच्या डोळ्यांत आणि गालांवर भरायचा, पण ब्रश पुरुषाच्याच हातात. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याचीही अट होती. कॅलिफोर्नियात मेकअपचे शिक्षण घेऊन आलेल्या चारू खुराना यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही अटी रद्दबातल ठरवल्या. न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांचे ते खंडपीठ होते. केवळ स्त्री आहे म्हणून एखादीला पोटापाण्याचा व्यवसाय नाकारणे घटनेला धरून नाही, हे त्या निकालाचे सार आहे. आज आमच्याकडची एखादी मुलगी मालिकेच्या सेटवर मेकअप रूममध्ये उभी असते, ती या लढ्यामुळे. मला हा निकाल कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा वाटतो आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी तो सांगते. नाटक-चित्रपटाकडे ओढा असणाऱ्या मुलींना मी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचीही माहिती काढायला सांगते, कारण रंगमंचावरच्या प्रकाशात चेहरा कसा दिसतो आणि तरुण नटाला म्हातारा कसा करायचा, हे लग्नाच्या मेकअपमध्ये कधीच शिकायला मिळत नाही.

मात्र मला जे मनापासून सांगायचे आहे, ते कागदांच्या पलीकडचे आहे. आपल्याकडची लग्नसराई एप्रिल-मे महिन्यांत ऐन भरात असते. पारा बेचाळीसच्या वर, गावातल्या घराला पत्र्याचे छप्पर, मध्येच वीज गेलेली, खोलीत करवल्या आणि पाहुण्यांची गर्दी, आणि दुपारी बाराच्या आसपासचा मुहूर्त. क्लासमध्ये एसीच्या थंडाव्यात, गोल दिव्याच्या प्रकाशात, गोऱ्या मॉडेलच्या चेहऱ्यावर शिकलेले सगळे इथे वितळून जाते. त्यात आदल्या दिवशी हळद लागलेली असते. केसांच्या कडेला, कानांच्या मागे, मानेच्या घडीत आणि भुवयांत हळद धरून बसलेली असते. ती घासून काढली तर त्वचा लाल होते आणि त्यावर बेस, म्हणजे मेकअपचा पहिला थर, बसत नाही. तेलाने किंवा क्लिन्झिंग बामने ती आधी सोडवावी लागते, ओल्या मऊ कापडाने टिपावी लागते, मग सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन थोडा वेळ तसाच राहू द्यावा लागतो. एवढे करूनही त्वचेवर पिवळी झाक उरते आणि नवख्या मुली त्या झाकेवरून फाउंडेशनचा रंग निवडतात. तो रंग दोन तासांनी उघडा पडतो. मी मुलींना शिकवते की जबड्याच्या कडेवर तीन छटांच्या बारीक रेघा ओढा, नवरीला खिडकीशी किंवा दाराशी उजेडात न्या, थोडा वेळ थांबा आणि जी रेघ दिसेनाशी होते तीच तिची छटा समजा.

इथेच रंगाचा प्रश्न येतो. 'जरा गोरी दिसली पाहिजे' ही मागणी नवरीच्या आईकडून, मावशीकडून, कधी नवरीकडूनही होते. सावळ्या त्वचेवर दोन छटा उजळ फाउंडेशन लावले की ते राखाडी दिसते, आणि फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की चेहरा पांढरा व मान वेगळीच दिसते. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलेली सनस्क्रीन आणि सिलिकाची पावडर जास्त झाली तरी फ्लॅशमध्ये असाच पांढरा चट्टा उमटतो. डोळ्यांखालच्या निळसर-काळ्या वर्तुळांवर उजळ कन्सीलर थापण्याऐवजी आधी नारिंगी छटेचा करेक्टर अगदी पातळ लावला, तर तो निळेपणा दाबला जातो आणि वर फारच थोडे उत्पादन लागते. सावळ्या रंगाची नवरी तिच्याच रंगात तेजस्वी दिसते. हे मी मोठ्यांसमोर शांतपणे आणि ठामपणे सांगते आणि ट्रायलच्या दिवशी फ्लॅशमध्ये काढलेले दोन फोटो शेजारी शेजारी दाखवते, म्हणजे वाद राहत नाही.

याच गोरेपणाच्या हव्यासातून आलेले एक संकट प्रत्येक मेकअप आर्टिस्टला ओळखता आले पाहिजे. गावोगावच्या मुली औषध दुकानातून स्टिरॉइड असलेली मलमे आणून फेअरनेस क्रीमसारखी महिनोन्‌महिने चेहऱ्यावर लावतात. अशी १४ स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत, असा आदेश केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढला, तरी ती सहज मिळतात. अशा मुलीचा चेहरा सुरुवातीला तुकतुकीत दिसतो, पण त्वचा पातळ झालेली असते, गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, उन्हात आग होते, पुरळ उठतात आणि नको तिथे लव वाढते. त्या त्वचेवर ब्लीच किंवा फेशियल करणे म्हणजे तिला आणखी इजा करणे. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत मी मुलीला बाजूला घेऊन, घरच्यांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने, चेहऱ्याला काय लावतेस हे विचारते. मलम एकदम बंद केले तर चेहरा भडकतो, म्हणून तिला आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवते. हे काम मेकअपच्या दरपत्रकात कुठेच लिहिलेले नसते, पण माझ्या मते प्रशिक्षणाची सुरुवातच इथून व्हायला हवी.

स्वच्छतेबाबतही मला तितकेच कळकळीने सांगावेसे वाटते. एकाच लग्नात नवरी, तिची बहीण, करवली आणि दोन वहिन्या यांचा मेकअप एका किटमधून होतो. लिपस्टिक थेट ओठांवर फिरवली, एकच मस्कारा सगळ्यांच्या पापण्यांना लावला, तर डोळे येण्याची साथ आणि ओठांवरचे पाण्याचे फोड एका घरातून दुसऱ्या घरात जायला वेळ लागत नाही. लिपस्टिक आणि क्रीम स्पॅच्युलाने धातूच्या पट्टीवर काढून घ्यावे आणि तिथून ब्रशने लावावे. मस्काऱ्यासाठी वापरून फेकण्याच्या कांड्या मिळतात. एकदा डोळ्याला लागलेली कांडी पुन्हा नळीत बुडवू नये. उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनंतर टाकून द्यावा. धातूची अवजारे पुसायला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. ९९ टक्क्यांचे अधिक प्रभावी असेल असे वाटते, पण ते चटकन उडून जाते आणि जंतूंवर काम करायला लागणारे पाणी त्यात नसते. प्रत्येक लग्नानंतर ब्रश साबणाने धुऊन आडवे वाळवावेत, कारण उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरते आणि केस गळू लागतात. नवीन उत्पादन असेल तर कानामागे लावून किमान एक दिवस वाट पाहावी. बाजारातून माल घेताना उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरण्याची मुदत छापलेली आहे का, हे पाहावे. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक असायलाच हवा. आठवडी बाजारातल्या ढिगातून नामांकित ब्रँडसारखी दिसणारी पॅलेट पाव किमतीत घेऊन ती कोणाच्या डोळ्यांजवळ नेणे मला अजिबात मान्य नाही.

एवढे सगळे सात किंवा पंधरा दिवसांत अंगवळणी पडत नाही. माझा सल्ला असा आहे की मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर निदान दोन लग्नसराया एखाद्या अनुभवी आर्टिस्टच्या हाताखाली काढाव्यात. सुरुवातीला ब्रश धुणे, पिना हातात देणे, साडीच्या निऱ्या धरणे एवढेच वाट्याला येते आणि मुली कंटाळतात. पण मुहूर्ताला अर्धा तास उरला असताना बाहेरून वाजंत्री ऐकू येते, मामा दाराशी घाई करतात, नवरीला रडू कोसळते, तेव्हा हात कसा स्थिर ठेवायचा, घाम पुसायचा नसून टिपायचा कसा, मुंडावळ्यांचा दोरा कपाळावर घासतो तिथे बेस पातळ ठेवून पावडर कशी दाबून बसवायची, हे पाहिल्याशिवाय येत नाही. या काळात थोडे का होईना, मानधन मिळालेच पाहिजे. शिकतेस म्हणून फुकट राब, असे सांगणाऱ्यांकडे थांबू नये.

खासगी क्लास लावायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी एक दिवस बसून पाहू द्या, असे सांगावे. एका तुकडीत किती मुली आहेत, प्रत्येकीला रोज प्रत्यक्ष चेहरा मिळतो की एकमेकींच्याच चेहऱ्यावर सराव होतो, सावळ्या आणि प्रौढ त्वचेवर काम करायला मिळते का, किट फीमध्ये आहे की वेगळी विकत घ्यावी लागते, मध्येच सोडले तर उरलेले पैसे परत मिळतात का, ही उत्तरे तोंडी न घेता पावतीवर लिहून घ्यावीत. 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेली जाहिरात दिसली, तर मागच्या तुकडीतल्या दोन मुलींचे फोन नंबर मागावेत आणि त्यांच्याशी क्लासबाहेर बोलावे.

आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन होतात. जात प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार ही कागदपत्रे निकालाआधीच काढून ठेवावीत, कारण निकालानंतर सेतू केंद्रांवर झुंबड उडते. अर्जात पसंतीक्रम भरताना कॉस्मेटॉलॉजी हा ट्रेड जवळच्या कोणत्या आयटीआयमध्ये आहे, तिथे मुलींसाठी वसतिगृह आहे का आणि एसटीच्या वेळा जुळतात का, हे तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारून यावे. पहिल्या फेरीत नाव लागले नाही, तरी पुढच्या फेऱ्यांमध्ये जागा रिकाम्या होतात, म्हणून लगेच खासगी क्लासची फी भरून मोकळे होऊ नये.